कूलरसमोरचं टेबल आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी: एका कॉलेजच्या पोरीचं सुतारकाम

आधी निकाल सांगतो, मग कारणं. नागपुरात खऱ्या लाकडाचं लहान सामान करून घ्यायचं असेल, म्हणजे अभ्यासाचं टेबल, पुस्तकांचा रॅक, पोळपाट, पोरांसाठी नंदी, आणि थांबायची तयारी असेल, तर नंदनवनच्या बाजूला एक कॉलेजची पोरगी घराच्या पोर्चमध्ये काम करते, तिच्याकडून करून घ्या. घाई असेल किंवा सनमायका लावलेलं भिंतभर कपाट हवं असेल तर जाऊ नका. ती स्वतःच नाही म्हणते.

माझी सगळी नोकरी लकडगंजच्या एका आरा मशीनवर हिशेब लिहिण्यात गेली. घनफूट काढायचे, बिलं करायची, उधारी वसूल करायची. लाकूड विकणारे, घेणारे, फसवणारे, फसणारे सगळे समोरून गेले. रंधा मला चालवता येत नाही, पण काम कोणी मनापासून केलं आहे आणि कोणी उरकलं आहे हे सामान उलटं केलं की कळतं. म्हणून कोणतीही लाकडी वस्तू मी आधी खालून बघतो.

सुनेनं कुठल्याशा प्रदर्शनातून पोळपाट आणला, तोही मी उलटाच केला. तिन्ही पाय आत कुसू घालून, म्हणजे लाकडाचंच निमुळतं टोक भोकात अडकवून बसवलेले, एकही खिळा नाही. वर वॉर्निश नाही, नुसतं तेल आणि मेण. पोळपाटाला वॉर्निश लावू नये, ते पोळीबरोबर पोटात जातं, हे बाजारातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं किंवा माहीत असून चकाकीसाठी लावतात. कोणी बनवला विचारलं, तर इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी म्हणाले. मग मी तिचं काम बघायला गेलो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. त्यात सुतारकामाचा एक जॉब सगळ्यांना करावा लागतो: दोन तुकडे, त्यांना खाचा, आणि त्या एकमेकींत घट्ट बसल्या पाहिजेत. बाकीची पोरं मार्क मिळाले की तो जॉब विसरून जातात. हिला ते दोन तुकडे जुळताना जो आवाज येतो तो आवडला, असं ती सांगते. घरी येऊन तिनं जुन्या पलंगाच्या फळ्यांवर हात चालवायला सुरुवात केली. दोन पटाश्या, एक करवत आणि काटकोन तपासायचा गुण्या इतवारीच्या लोहा ओळीतून आणले. पुढं एका फर्निचरच्या कारखान्यातून वजनावर कटपीस आणायला लागली. त्या कटपीसची पहिली पोळपाटं झाली, पोळपाटांच्या पैशातून हातात धरायचा राउटर, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं मशीन, आला. घरून पैसे घेतले नाहीत आणि कर्जही नाही. मला हा क्रम फार बरोबर वाटतो. आधी मशीन आणून मग गिऱ्हाईक शोधत बसलेले किती तरी जण मी टिंबर मार्केटमध्ये पाहिले आहेत. त्यांच्या मशीन वर्ष-दोन वर्षांत आमच्याच गल्लीत विकायला यायच्या.

आता टेबलाकडे येतो, कारण परीक्षा तिथं होती.

नातीला अभ्यासाचं टेबल हवं होतं. आधीचं ऑनलाइन मागवलेलं होतं, भुसा दाबून केलेल्या पाटीचं. एका उन्हाळ्यात कूलरच्या हवेनं त्याची कड फुगली, वरची पट्टी सुटली आणि आतला भुसा बोटानं निघायला लागला. नागपुरात लाकडावर जे संकट येतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लक्षात यायचं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला आणि दुपारच्या हवेतला दमटपणा वीस टक्क्यांच्या आसपास, सगळं कसं करकरीत कोरडं. त्यातच घरात कूलर सुरू, म्हणजे एका खोलीत वाळवंट आणि दुसरीत ओल. मग पाऊस लागला की ऑगस्टमध्ये तोच दमटपणा ऐंशीच्या वर. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. पाणी घेतलं की ते रुंदीला फुगतं, सोडलं की आकसतं. लांबीला मात्र जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून टेबलाची फळी चारी बाजूंनी स्क्रूनं घट्ट आवळली तर ती कधी ना कधी उकलणार, मग ती आलापल्लीच्या सागवानाची का असेना.

आपल्याकडे सागवान म्हटलं की लोक डोळे मिटतात. अभिमान मलाही आहे. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं, त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून गेलं. वन विकास महामंडळाचं मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. पण चांगलं लाकूड आणि सुकलेलं लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात ओल्या फळीलाही ‘एकदम सुकेल माल’ म्हणायची पद्धत आहे. हे वाक्य मी गादीवर बसून आयुष्यभर ऐकलं.

संक्रांतीनंतर मी तिला घेऊन लकडगंजला गेलो. ओळखीच्या दुकानात एक फळी मला पसंत पडली: सरळ रेषा, गाठ नाही, पांढरा भाग कडेला अगदी थोडा. तिनं पिशवीतून लाकडातलं पाणी मोजायचा मॉइश्चर मीटर काढला, त्याचे दोन काटे फळीत टोचले, एका ठिकाणी, मग मध्ये, मग दुसऱ्या टोकाला. आकडा एकोणीस टक्क्यांच्या खाली आला नाही.

‘‘नाही जी काका, हे आता नाही घेता येणार. आपल्याला बारापर्यंत पाहिजे.’’

दुकानदार हसला. म्हणाला, बेटा, कित्येक वर्षं आम्ही हेच विकून राहिलो. तिनं वाद घातला नाही, फक्त फळी जागेवर ठेवली. मला त्या क्षणी तिच्याबद्दल जो आदर वाटला तो कुठल्याही मोठ्या मिस्त्रीबद्दल वाटला नव्हता. समोर गिऱ्हाईक उभं आहे, त्याला माल पसंत आहे, दुकानदार त्याच्या ओळखीचा आहे, आणि तरी विशीतली पोरगी शांतपणे नाही म्हणते.

शेवटी महालातल्या एका पाडलेल्या वाड्याची दाराची चौकट मिळाली. जुनं सागवान कितीतरी उन्हाळे-पावसाळे पाहून बसलेलं असतं. आता ते फार हलत नाही. अडचण एकच, आतले खिळे. एक खिळा राउटरच्या पात्याला लागला की पातं गेलं, आणि तुकडा उडून डोळ्यात गेला तर डोळा गेला. ती प्रत्येक तुकड्यावरून चुंबक फिरवते, सापडला तिथं खडूनं गोल करते, आणि खिळा काढल्याशिवाय तो तुकडा मशीनजवळ नेत नाही. एकदा मी बसलो होतो तेव्हा वरून काहीच दिसत नसलेल्या चौकटीतून गंजलेले चौकोनी खिळे निघत होते, लोहारानं हातानं ठोकलेले. मग रंधा चालवला. वरचा काळा थर निघाला आणि आतून तो मधासारखा रंग आला. सागवानाचा तेलकट वास सगळ्या पोर्चभर पसरला. आरा मशीनवर हा वास रोज यायचा, तेव्हा त्याकडे लक्ष नसायचं.

टेबल गुढीपाडव्यानंतर घरी आलं. चार फूट बाय दोन फूट, एक ड्रॉवर. आल्या आल्या मी खाली शिरलो. वरची फळी आडव्या पट्ट्यांना थेट स्क्रूनं आवळलेली नाही. पट्ट्यांना आतून लांब खाच पाडली आहे आणि फळीला लहान लहान लाकडी गुटके लावले आहेत. गुटक्याची जीभ त्या खाचेत अडकते. फळी वर उचलली जात नाही, पण रुंदीला पुढं-मागं सरकायला तिला मोकळीक राहते. पायांना भोकं आणि पट्ट्यांना कुसू. फळीला पॉलिश वरून जितके हात दिले तितकेच खालूनही दिले आहेत. हे फार कमी लोक करतात. वरून बंद आणि खालून उघडी फळी एकाच बाजूनं पाणी पिते आणि पापडासारखी वाकते.

मे महिन्यात मुलगा म्हणाला, ड्रॉवर सैल आहे, खडखडतो, बोलव तिला. ती आली, ड्रॉवर दोनदा आत-बाहेर केला आणि म्हणाली, ‘‘काका, पावसाळा येऊ द्या. आता घट्ट केला तर ऑगस्टमध्ये उघडणार नाही.’’ मुलाला ते टाळाटाळ वाटलं. ऑगस्टमध्ये मी स्वतः ड्रॉवरच्या फटीत जुनं पोस्टकार्ड घालून पाहिलं. ते जेमतेम गेलं. ड्रॉवर बोटाच्या जोरावर सरकत होता, आवाज नाही, अडकणं नाही. वरच्या फळीची पुढची कड पट्टीपासून मे महिन्यात होती त्यापेक्षा तीनेक मिलिमीटर पुढं आलेली दिसत होती. कुठं चीर नाही. आता दुसरा उन्हाळाही गेला, कूलर त्याच खिडकीत, टेबल त्याच्या वाऱ्यात, आणि फळी सपाट आहे.

बिलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथं माझा जन्म गेला. तिनं काम सुरू करायच्या आधी कागदावर लिहून दिलं होतं. लाकूड, त्यातली छाट धरून, ३,८०० रुपये. गोंद, स्क्रू, ड्रॉवरचा तळ, पॉलिश ९०० रुपये. हात ३४ तास, तासाला १५० प्रमाणे ५,१००. ने-आण ४००. एकूण १०,२००. आगाऊ फक्त लाकडाचे पैसे घेतले. तासांची वही ती ठेवते: कधी बसली, कधी उठली, काय केलं. मी वही मागितली तर तिनं लगेच पुढं केली. प्रत्यक्षात तास लिहिलेल्यापेक्षा जास्त झाले होते, पण वाढीव तिनं लावले नाहीत, ठरलं ते ठरलं म्हणाली. उद्यमची, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी, नोंदणी केलेली आहे, ती आधारवर ऑनलाइन आणि फुकट होते. कोणी जीएसटीचं बिल मागितलं तर ती सांगते की माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल चाळीस लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि ती त्याच्या कितीतरी खाली आहे. बरोबर सांगते. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणारे पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता दहा हजारांवर लोकांचं म्हणणं ऐका. शेजारच्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर तिला विचारलं, शौक आहे ना तुझा, कॉलेज सुरूच आहे, मग मजुरी कशाची लावून राहिली? मला हे फार लागलं. चांगला मिस्त्री दिवसाचे हजार रुपये मागतो तेव्हा आपण मान हलवून देतो. ही आठ तास बसली तर बाराशे होतात, आणि त्यात तिच्या हत्यारांची धार, वीज, वाया गेलेला तुकडा सगळं आलं. एखादीला काम आवडतं म्हणून तिच्या तासाची किंमत शून्य होत नाही. तिच्याकडे भाव करायला जाऊ नका. महाग वाटलं तर लहान वस्तू घ्या, साधी करून घ्या, ती स्वतःच सुचवते की ड्रॉवर काढला तर इतके कमी होतील. पण तासाचा दर तोडू नका.

तिचा हिशेब एका ठिकाणी मला पटत नाही, आणि ती जागा आहे नंदी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं मानतात. पोरं लाकडी नंदी सजवून, झूल-बेगड-घुंगरू लावून आणतात, आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्याच दिवशी सकाळी शहरात मारबतीची, म्हणजे वाईटाच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक. नागपूरच्या घरात नंदी नाही असं लहान पोर मला माहीत नाही. बाजारात हे नंदी ढिगानं येतात. बहुतेक आडजात लाकडाचे, खिळ्यांनी ठोकलेले, वर ऑइलपेंट. दुसऱ्या गल्लीपर्यंत एक शिंग जातं, तिसऱ्या गल्लीत चाक.

तिचा नंदी मी नातवासाठी घेतला आणि अर्थातच उलटा केला. शिवणीचं लाकूड, हलकं आणि फार न फुगणारं. अंग आणि पाय एकाच फळीतून कापलेत, पण असे की लाकडाच्या रेषा पायांत उभ्या येतील. शिंगं मात्र त्याच फळीतून काढलेली नाहीत. ती वेगळी कोरून, रेषा शिंगाच्या लांबीतून जातील अशी धरून, डोक्यात भोक पाडून बसवली आहेत. रेषा शिंगाला आडव्या गेल्या की ते बिस्किटागत तुटतं. बाजारातल्या नंदीचं शिंग तिथंच जातं. चाकंही एका फळीची नाहीत. दोन पातळ थर, एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, असे चिकटवून मग गोल केले आहेत. एका फळीचं चाक पावसाळ्यात एकीकडे फुगून अंड्यासारखं होतं आणि डुगडुगतं, हे थर एकमेकांना धरून ठेवतात. अंगाला ऑइलपेंट नाही, स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा लावला आहे. लाखेचं ते, पोरानं शिंग तोंडात घातलं तरी काळजी नाही. आणि पोरं घालतातच. कान चामड्याचे, पाठीवर झूल मात्र रंगवलेली नाही, कापडाची आहे, घरी शिवून बदलता येते.

किंमत सहाशे रुपये. मी तिथंच पोर्चमध्ये बसून हिशेब मांडला. लाकूड, घुंगरू, आस, चपडा मिळून १८० रुपये. एक नंदी सुटा करायचा तर चार तास, म्हणजे ६००. मग ७८० व्हायला पाहिजेत. ती म्हणाली, मी सुटा करतच नाही काका. प्लायचा फर्मा केला आहे, दहा नंदी एकदम कापते, राउटर फर्म्यावरून फिरवते, चाकं एका दिवशी सगळी, घासणं एका दिवशी सगळं. म्हणजे नंदीमागे अडीच तास पडतात, ३७५ रुपये. ते आणि १८० मिळून ५५५ झाले. हिशेब चुकीचा नाही, आणि दहाचा घाणा एकदम काढायची अक्कल तिला स्वतःहून सुचली याचं कौतुकच आहे. पण त्यात ४५ रुपये उरतात, आणि त्या ४५ मध्ये बिघडलेला नंदी, न विकलेला नंदी, उद्याचं नवं पातं हे सगळं बसवायचं आहे. ते बसत नाही. डोळे आणि तोंड ती एकेक हातानं काढते, तिथं फर्मा चालत नाही, आणि तोच वेळ ती सगळ्यात कमी धरते. माझ्या मते सातशेच्या खाली तो नंदी देऊ नये. मी मागच्या वेळी सातशेच दिले. तिनं शंभर परत केले, मी घेतले नाहीत.

तक्रारीही लिहायला पाहिजेत.

वेळेचं गणित कच्चं आहे. टेबल मार्चअखेर देते म्हणाली होती, मध्ये कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि ते पुढं गेलं. परीक्षेच्या काळात ऑर्डर घेत नाही हे ती सांगते, पण आधी घेतलेली ऑर्डर परीक्षेत अडकू शकते हे तेवढं स्पष्ट सांगत नाही. सांगायला हवं. फोन दिवसा उचलत नाही, मेसेज टाका, रात्री दहानंतर उत्तर येतं.

श्रावणात ती झेपतील त्यापेक्षा जास्त नंदी घेते. शेजारच्या पोराचा नंदी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मिळाला, त्याचे डोळे घाईत काढलेले सरळ दिसत होते आणि चपड्याचा शेवटचा हात नीट वाळलेला नव्हता, झूल चिकटली. सांगितल्यावर तिनं नंतर नंदी परत नेऊन घासून दिला, पैसे घेतले नाहीत. पण पोराचा तान्हा पोळा तर होऊन गेला होता. नंदी हवा असेल तर आषाढातच सांगून ठेवा.

टेबलाला जवसाच्या तेलाचं पॉलिश होतं. रंग सुंदर येतो, पण ते हळू वाळतं आणि वास कितीतरी दिवस राहतो. नातीची पुस्तकं आम्ही तोवर पलंगावर ठेवली. वासाचा त्रास असेल तर आधीच चपडा मागा. फळीच्या खाली पेन्सिलीच्या खुणा तशाच राहिल्या आहेत. मला त्या वाचायला आवडतात, पण दहा हजारांच्या वस्तूवर त्या पुसलेल्या असाव्यात.

आणि एक काळजी, जी मी तिच्या वडिलांनाही बोललो आहे. पोर्चमध्ये धूळ फार उडते. ती मास्क लावते, चष्मा लावते, एक एक्झॉस्ट पंखा आहे. तेवढं पुरेसं नाही. लाकडाची बारीक भुकटी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. आरा मशीनवरचे माझ्या बरोबरीचे किती तरी लोक जन्मभर खोकत राहिले, तेव्हा कोणी काही सांगणारं नव्हतं. धूळ ओढणारं मशीन तिनं पुढच्या सगळ्या हत्यारांच्या आधी घ्यावं. मी तिला म्हटलं, बेटा, बिलात एक ओळ वाढव, गिऱ्हाईक देईल. ती म्हणाली, बघते.

बाकी सुरक्षेत मात्र ती काटेकोर आहे. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यात आपला उन्हाळा. ती प्रत्येक फडकं पूर्ण उलगडून बाहेरच्या तारेवर चिमट्यानं एकेक टांगते, आणि वाळून कडक झाल्यावरच फेकते. मशीन संध्याकाळी सातनंतर चालवत नाही. शेजाऱ्यांशी तसं ठरवून घेतलं आहे. त्यानंतर हातकाम: पटाशी, कानस, पॉलिश पेपर. वर्कशॉपला पाटी नाही, दुकानही नाही. जे आहे ते भिंतीवर टांगलेली हत्यारं, जुन्या तुळईचा एक जडशीळ ओटा, आणि त्यावर कधी कधी उघडं पडलेलं इंजिनिअरिंगचं पुस्तक, पानांत भुसा.

पुढच्या वर्षी ती पास होईल. नोकरी करणार का हेच, असं मी विचारलं. नोकरी मिळाली तर घेईन, पण शनिवार-रविवार पोर्च बंद होणार नाही, म्हणाली. मला हे उत्तर समंजस वाटलं. सध्या माझं देव्हाऱ्याचं काम तिच्याकडे आहे. तेही जुन्या चौकटीतूनच होतं आहे, दारांना जाळी तिनं कागदावर काढून दाखवली. कोरीव जाळीचे तास जास्त लागतील म्हणाली, मी हो म्हटलं.

जाणार असाल तर वस्तू ठेवायच्या जागेचं माप नेताना कूलर कुठं आहे, ऊन कुठून येतं आणि दाराची रुंदी किती हेही लिहून न्या, ती हे तिन्ही विचारतेच. पैसे यूपीआयनं द्या, रोख घेतली तर सुटे नसतात. परीक्षा संपल्यावर, म्हणजे डिसेंबरअखेरीस, ऑर्डर पुन्हा सुरू होतात. गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत जात नाही, मोठ्या रस्त्यावर लावून पायी जा.